उपदेश अडला तो रविवार

शनिवारी दुपारी नगरहून कोल्हारच्या बाजूची एसटी धरली की मला झोप यायची, पण झोपता यायचं नाही. मांडीवर बायबल असायचं आणि उद्याचा उपदेश अजून सुचलेला नसायचा.

आमच्या चर्चच्या पाळकांकडे बरीच गावं आहेत. आमच्या गावी ते महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी येतात. बाकीच्या रविवारी मंडळीतल्याच कोणीतरी बोलायचं. प्रत्येक विश्वासणारा याजकच आहे, असं आमच्या पंथात मानतात. मी कॉलेजला जायला लागले आणि तो 'प्रत्येक' म्हणजे मीच झाले. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच. उपासना चालवणारे निवृत्त गुरुजी म्हणाले, पोरीला वाचन आहे, तिनंच बोलावं. आई पुढच्या रविवारी ठेवणीतली साडी नेसून आली.

आठवडाभर कॉलेज, संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम आणि शनिवारी हे. वर्षभरात मी थकून गेले. मला सोडवा, असं गुरुजींना सांगायचं होतं. पण आई सगळा आठवडा व्यापाऱ्याच्या शेडमध्ये वाकून कांदा निवडते. रविवारी मी उभी राहिले की सतरंजीवरच्या बायका सरकून तिला पुढे जागा देत. ती जागा माझ्यामुळे जाईल, म्हणून मी गप्प राहत होते.

त्या रविवारी विषय कृपेचा होता. तारण आपल्या कामांनी मिळत नाही, ते देवाकडून दान मिळतं. लहानपणापासून ऐकलेलीच शिकवण. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि माझं लक्ष माझ्याच अंगठ्याकडे गेलं. टोनरनं काळा झालेला. हे मी खरंच मानते का, असं मनात आलं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

बोलणारा अडला तर बायकांनी मागून पद उचलायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्याला तेवढाच दम खायला वेळ मिळतो. आईनं घाईघाईत पद उचललं. पण ते होतं अंगणातून मयताची पेटी उचलताना म्हणायचं. मातीला जाऊन जाऊन तेच तिला सगळ्या कडव्यांसकट पाठ. दिवसाचं काम झालं, खुरपं खाली ठेव, धनी स्वतः तुझे पाय धुणार आहे, असा त्याचा अर्थ. सवयीनं बायकांनी साथ दिली, सवयीनं हार्मोनियमवाल्यानं सूर धरला आणि त्या पदाला उभं राहायचं असतं म्हणून सगळी मंडळी उभी राहिली. समोर मी एकटी.

पहिलं कडवं संपता संपता बायकांना हसू फुटलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "बसा, बसा. पोरगी जिती हाय अजून."

सगळे बसले. आई थांबली नाही. ते पद अर्धवट सोडत नाहीत. माझ्याकडे बघत तिनं शेवटपर्यंत म्हटलं. मी बायबल मिटलं आणि खाली बसले. गुरुजींनी आशीर्वाद देऊन उपासना संपवली.

घरी जाताना आई माझ्या पुढे चालत होती. तिला लाज वाटली असणार, असं मला वाटत होतं. पाटाजवळ आल्यावर तिनं विचारलं, "लई दमली का गं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मग सांगायचं हुतं."

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

"वाटलं असतं की," ती म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "तरी सांगायचं."

पुढच्या रविवारी मी सतरंजीवर तिच्या शेजारी, भिंतीला लागून बसले. गुरुजींनी उतारा वाचला आणि नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. माना वळल्या. मी उठायला लागले, तेवढ्यात आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चांगला जड हात.

"आज ती आयकाया आलीय, गुरुजी," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

पुढे कोणीच उठलं नाही. गुरुजींनी जरा विचार केला, चष्मा पुसला आणि तोच उतारा पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचायला घेतला. मी डोकं भिंतीला टेकलं. सुरुवात आठवते. मधलं मला ऐकू आलं नाही. जाग आली तेव्हा सगळे शेवटची प्रार्थना म्हणत होते आणि आईचा हात तिथंच होता.