पंचा कुणाच्या कमरेला

शांतामावशीला मी वाकवलं. आबांनी नाही. मी.

ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातला गुरुवार होता. आमचं प्रार्थनाघर बावड्याच्या रस्त्यापासून आत, उसाच्या रानात. पत्र्याचं. तिथं जायची वाट आबांच्या बांधावरून. आबा या भागातले मोठे बागाईतदार. ते हिंदू, आम्ही गावकुसाबाहेरचे ख्रिस्ती. त्यांची मर्जी गेली तर आम्हाला देवाच्या दारापर्यंतही पोचता येणार नाही. म्हणून त्या संध्याकाळी मी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं.

त्या दिवशी आमच्यात पाय धुण्याची रीत आहे. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तो शास्त्रभाग वाचायचा. आणि जो हा भाग समजावून सांगेल त्याने मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे. मी इथला पाद्री, म्हणून बरीच वर्षं ते काम माझ्याकडे आहे. पण आबांना खुर्चीवर बसलेलं बघून मला वेगळंच सुचलं. आमच्या मंडळीतली शांतामावशी त्यांच्या गोठ्यात शेण काढते. मी तिला पुढे बोलावलं.

"प्रभूने सेवा शिकवली. मावशी, आज आबांचे पाय तू धू."

 ती माझ्या हातातला पंचा घेऊन गुडघ्यांवर बसली. आबांनी घंगाळात पाय सोडले.

"शांते, गोठ्यात बी तूच, हितं बी तूच! पाद्री, तुमचा देव माझ्याच फायद्याचा निघाला की."

माणसं हसली. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. मीही हसलो. जरा मोठ्यानेच.

पाय पुसून मावशी उठली. ओला पंचा माझ्या खांद्यावर टाकला.

"तितं पोटासाठी वाकती. हितं कशापायी वाकवलंस?"

एवढं बोलून ती निघून गेली. मी उपदेश पुरा केला. नम्रतेवर.

खोटं बोलत नाही, त्या संध्याकाळी मला धन्य वाटत होतं. त्याचं मूळ जुनं आहे. शाळेत होतो तेव्हा वडिलांबरोबर माळेगावकडच्या एका लग्नात राबायला गेलो होतो. पंगतीला येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, हे माझं काम. एका पाहुण्याच्या घोट्याला चिखल राहिला म्हणून मी हात लावला. त्याने पाय झाडला. टाच माझ्या ओठावर बसली.

"वरनं वत. शिवू नगंस."

वडील शेजारीच उभे होते. त्यांनी त्या माणसाची माफी मागितली. रक्त माझ्या तोंडात होतं.

तेव्हापासून माझ्याकडे माणूस मोजायचं एकच माप. शिवू देतो तो चांगला. आबांनी मावशीला पाय शिवू दिले, तेवढ्यावर मी भरून पावलो. कुणाच्या पायाला हात लावायला मिळाला, यालाच मी बरोबरी समजलो.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी मावशी आबांच्या गोठ्यात गेली. जावंच लागतं. दुपारी उपासनेला मात्र आली नाही.

मी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा उघडला. जेवणावरून उठलं कोण? ज्याला बाकीचे गुरू आणि प्रभू म्हणत होते, तो. कमरेला पंचा कुणी बांधला? त्यानेच. त्या घरात पाणी भरणारी एखादी बाई असेलही. तिला त्याने हाक मारलेली नाही. हा शास्त्रभाग वाकलेल्याला आणखी वाक म्हणत नाही. बसलेल्याला ऊठ म्हणतो. आणि मी वर्षानुवर्षं तो ऊस तोडणाऱ्यांना, शेण काढणाऱ्यांना ऐकवत आलो. बसलेला माणूस समोर आला, तेव्हा मी शास्त्रच उलटं केलं.

शनिवारी घंगाळ घेऊन मावशीच्या दारात गेलो. तिने पाय लुगड्यात ओढून घेतले.

"माझं पाय धून तुझं पाप धुतूस व्हय? हितं कोन बघतंय? माणसं हसली तितं सांग."

"आबांनी वाट बंद केली तर?"

"मग वढ्यातनं येऊ. पाय काय निस्तं आबालाच हायत व्हय?"

पुनरुत्थानाच्या रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. आबा पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि त्याच खुर्चीवर बसले. मावशी दारातच उभी राहिली. आत आली नाही. मी पुस्तक मिटलं.

"गुरुवारी मी शास्त्र खोटं सांगितलं. उठायचं होतं आबांनी. नाहीतर मी."

आबांचं हसू गेलं. "पाद्री, बांध इसरलास व्हय?"

"न्हाय, आबा. ध्यानात हाय."

 मी दाराकडे तोंड केलं. 

"शांतामावशी, मी तुला चारचौघांत वाकवलं आणि त्याला देवाचं नाव दिलं. तुझ्यावर माणसं हसली, त्यांत मीही हसलो. तू क्षमा कर असं मी म्हणत नाही. तो तुझा हक्क. पण दिवसभर वाकून आलेलं माणूस या घरात पुन्हा कुणाच्या पायाशी बसणार नाही. वाट राहो न राहो. मी चुकलो, मावशी. मी तुझी माफी मागतो."