प्लास्टिकमुक्तीचा फ्लेक्स

मंडळी, आज आम्हा ग्रामसेवकांचं प्लास्टिकमुक्तीवर ऑनलाइन ट्रेनिंग झालं. बुलडाण्याले यायचं काम नाही, तुमचं पेट्रोल वाचलं, असं साहेब स्क्रीनवरून सांगून राह्यले होते.

ट्रेनिंग संपलं अन् ग्रुपवर मेसेज आला. प्रत्येकानं आपल्या गावाच्या नावाच्या बॅनरसमोर उभं राहून फोटो टाकावा.

झालं. सारे मोटरसायकली काढून जळगाव जामोदच्या फ्लेक्सवाल्याकडं. मी सोबतच्या गजाननले म्हटलं, "प्लास्टिक बंद करा म्हणतात, अन् फ्लेक्स काऊन मागतात?"

"बिना फ्लेक्सचं ट्रेनिंग धरत नाहीत भाऊ."

फोटो टाकला. घरी बायकोले विचारलं, हा फ्लेक्स ठेवू कुठं?

"गोठ्यावर टाकला असता, पण तिथं मागच्या ट्रेनिंगचा आहे."

तुमच्यापैकी कोणाचा गोठा रिकामा आहे का?