टिश्यूचं पाकीट

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात एक इटालियन होता. बोलताना हात इतके फिरवायचा की शेजारचा माणूस आपला कॉफीचा कप उचलून धरायचा. तिथली एकच रीत त्याला मनापासून पटली होती: हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या गजबजलेल्या आवारात, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. ते पाकीट तो जिवापाड जपायचा. मिरचीने माझ्या नाकातून पाणी वाहू लागलं तरी त्यातला एक टिश्यू द्यायचा नाही. "हे टिश्यू नाहीत, हे आपलं टेबल आहे," म्हणायचा.

२०१३च्या जुलैतली संध्याकाळ. त्याच्या देशाचा अंतराळवीर स्पेस स्टेशनच्या बाहेर काम करत होता. लॅपटॉपवर ते बघायला त्याने मला थांबवून घेतलं होतं. मध्येच तो अंतराळवीर शांतपणे म्हणाला, हेल्मेटमध्ये पाणी येतंय. बघता बघता पाणी डोळ्यांवर, नाकावर आलं. मग त्याचा आवाजच बंद झाला. अवकाशात माणूस पाण्यात बुडू शकतो, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"तो ओरडला का नाही?" मी विचारलं.

इटालियनाचे हात मांडीवर निपचित पडले होते. ते तसे मी कधीच पाहिले नव्हते.

शेवटी अंतराळवीराला आत घेतलं, साथीदारांनी हेल्मेट काढलं. तेव्हा इटालियनाने खिशातलं पाकीट फाडलं आणि एक टिश्यू स्क्रीनवरच्या त्या ओल्या चेहऱ्यावर दाबून धरला. काच कोरडीच होती, तरी तो किती तरी वेळ पुसत राहिला.