पाय धुण्याआधी

"ए, तू पण. चप्पल काढ. टाचा नीट घास."

हे मला सांगितलं गेलं. चर्चच्या मागच्या नळावर, पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी. थोड्या वेळाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू होणार होती आणि वेदीवर मीही उभा राहणार होतो. मी फादर आहे, धर्मसंघाचा.

सांगणाऱ्या बाई म्हणजे सिल्व्हिया आंटी. वेदीवरची फुलं, वस्त्रं, सणाची जेवणं, चर्चमधलं सगळं त्यांच्या शब्दाने हलायचं. नवरा कंपनीत मोठा साहेब. त्यांनी नारळाचा काथ्या माझ्या पुढ्यात टाकला, भांडी घासतात तो.

मग मी काय केलं? मी चप्पल काढली. पँट वर दुमडली. काथ्या उचलला आणि टाचा घासायला लागलो.

इतकी वर्षं धर्मसंघात काढली. तत्त्वज्ञान शिकलो, बायबल शिकलो. फादर करताना बिशपांनी डोक्यावर हात ठेवले, तळहातांना तेल लावलं. आणि एका बाईने आवाज चढवला तशी ती सगळी वर्षं गळून पडली. डोक्याला कळायच्या आधी अंगाने ऐकलं होतं.

चर्चचं नाव सांगत नाही. रोह्यापासून फार लांब नाही, एवढंच. यंदाचीच गोष्ट. त्याच आठवड्यात मी तिथे सहायक म्हणून आलो होतो आणि आंटींनी मला झग्यात अजून पाहिलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतो. येशूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांचे धुतले, त्याची ही आठवण. पाय धुवायचे, पुसायचे, वाकून मुका घ्यायचा. धन्याने चाकर व्हायचं. ज्या चर्चची मी गोष्ट सांगतोय तिथे हे बारा जण कातकरी वाडीतून आणायची पद्धत पडली आहे. गरिबाच्या पायाशी फादर वाकला की बाकांवरच्या लोकांना भरून येतं. पण हा हंगाम वीटभट्टीचा. वाडी ओस असते, माणसं पेणकडच्या भट्ट्यांवर. म्हणून टेम्पो थेट भट्टीवर जातो. भट्टीची माती टाचांच्या भेगांत बसते, ती सहजी निघत नाही. मग परातीतलं पाणी गढूळ होतं, पांढरे टॉवेल खराब होतात, फोटो नीट येत नाही. म्हणून विधीच्या आधी या बारा जणांचे पाय मागच्या नळावर घासून घेतात.

म्हणजे पाय धुण्याआधी पाय धुवायचे. हे कुणालाच विचित्र वाटत नाही.

यंदा माणसं आणायला टेम्पोबरोबर मी गेलो होतो, कारण ती माझीच माणसं. मी कातकरी. निडीच्या पुढे आमची वाडी. टेम्पोतून उतरलो तेव्हा अंगावर मळका शर्ट होता, पायांवर राख. आंटींना मी तेरावा वाटलो.

मला ओळखलं ते बारकी काकीने. माझ्या बापाच्या भावाची बायको. ती शेजारीच पाय घासत बसली होती. तिने माझ्या हातातला काथ्या ओढला.

"अवो बाय, त्यो फादर हाय. आमचा हाय त्यो."

आंटी आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा पडला.

"सॉरी, सॉरी फादर. तुम्ही वाटत नाही ना."

"असू दे," मी म्हणालो.

काथ्यापेक्षा हे "असू दे" मला जास्त लागलं. अजून लागतं. क्षणाचाही विचार न करता मी आंटींना माफ करून टाकलं होतं, कारण माफ करणं मला शिकवलेलं आहे आणि रागावणं कुणी शिकवलेलं नाही.

आत कपडे बदलायच्या खोलीत मोठे फादर होते, त्या चर्चचे प्रमुख. माणूस वाईट नाही. मी म्हणालो, बाहेर माणसांचे पाय काथ्याने घासतायत. ते हसून म्हणाले, "अहो, आंटींचं मनावर घेऊ नका. चर्चसाठी खूप करतात त्या." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज पाय तुम्हीच धुवा. लोकांना किती छान वाटेल. त्यांच्यातलाच एक आज फादर झालाय."

मी मान हलवली. पांढरा झगा चढवताना माझ्या टाचा चुरचुरत होत्या.

ती चुरचुर ओळखीची होती. पेणकडच्या ज्या बोर्डिंगात मी वाढलो, तिथे पहिल्या दिवशी माझं डोकं भादरलं आणि मोरीत बसवून मला असंच घासलं. कोपरं, गुडघे, मान. घासणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. घासताना म्हणत होत्या, "बघ, आता कसा माणसात आलास." मला ते खरं वाटलं. त्याआधी मी कशात होतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हापासून मी रोज स्वतःलाच घासत आलो. बोलणं घासलं, चाल घासली, जेवताना आवाज होऊ दिला नाही. सगळे म्हणायचे, हा अजिबात कातकरी वाटत नाही. आणि मी लेकाचा खूश व्हायचो!

माझा बापही एका वर्षी त्या बारा जणांत बसला होता. घरी येऊन हसत सांगत होता, "आदी घासलं, मंग धुतलं, मंग मुका घेतला. लगीन लागतंय का काय, असं वाटलं मला." वाडी हसली. मीही हसलो. आज बाप नाही, आणि ते हसू आता मला घशाखाली उतरत नाही.

मिस्सा सुरू झाली. बारा जण वेदीपुढच्या खुर्च्यांवर ओळीने बसले, घासून पांढुरके झालेले पाय पुढे करून. मी गुडघे टेकले. तांब्याने पाणी घालायचं, खाली परात, हातावर टॉवेल. गाणारे गात होते. मोबाईल वर झाले होते.

बारकी काकीचा पाय हातात घेतला. पाणी ओतलं. परातीत लाल धार उतरली.

काथ्याने तिच्या टाचेची भेग उघडली होती. मी पुसलं, टॉवेल लाल झाला. पुन्हा पुसलं, पुन्हा लाल. काकी पाय मागे घ्यायला लागली आणि हळूच म्हणाली, "राहू दे रं. कापड खराब व्हतंय."

माणसाला रक्त येतंय आणि ती कापडाची काळजी करते! मी वर पाहिलं. पहिल्या बाकावरून सिल्व्हिया आंटी मला खूण करत होत्या. त्यांच्या हातात दुसरा टॉवेल होता, इस्त्री केलेला, कोरा.

माझ्या आत काहीतरी तुटलं, असं म्हणणार नाही. उलट बसलं. इतकी वर्षं जागेवर नव्हतं ते जागेवर बसलं. मी उठलो. ते पाणी वेदीच्या बाजूच्या कुंडीत ओतलं, परातीत स्वच्छ पाणी घेतलं आणि पहिल्या बाकापुढे जाऊन गुडघे टेकले.

"आंटी, चप्पल काढा."

"मी?"

"या बारा जणांचे पाय मघाशी नळावर धुऊन झालेत. माझेही. आता तुमचे धुतो."

गाणं थांबलं. आंटी इकडेतिकडे पाहू लागल्या.

"नको फादर. माझे पाय धुतलेले नाहीत."

"म्हणूनच पाणी आणलंय."

त्यांनी पाय बाकाखाली ओढले. मी शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनीही ओढले. मग पुढचे. अख्ख्या ओळीचे पाय बाकाखाली गेले. पॉलिश केलेले बूट, उंच टाचांचे सँडल, सगळे. त्या भरल्या चर्चमध्ये उघडे पाय फक्त कातकऱ्यांचे होते. मला तेव्हा कळलं, पाय दुसऱ्याच्या हातात देणं किती अवघड असतं. आमच्या लोकांकडून ते दर वर्षी एका जेवणावर करून घेतात आणि वर त्याला सेवा म्हणतात.

मोठे फादर आले. माझ्या हातातून त्यांनी परात काढून घेतली. "पुरे, फादर," एवढंच बोलले. उरलेले पाय त्यांनी धुतले. मी बाजूला उभा राहिलो, हात ओले.

टेम्पोतून परत जाताना बारकी काकी माझ्यावर चिडली होती. "कशाला रं उगा काढलंस? म्होरल्या वर्षाला नेणार नाय आमाला. जेवान बरं असतंय तितलं." तिचं खोटं नव्हतं. थोड्या वेळाने तिनेच टाच हातात धरली आणि म्हणाली, "पर ती बाय लय जोरात घासते हां."

ईस्टर झाला आणि धर्मसंघाच्या वरिष्ठांनी बोलावलं. चहा दिला. पवित्र विधीचा मी तमाशा केला, असं त्यांचं म्हणणं. बाईंची आणि चर्चची माफी मागायची. नाहीतर मला लांब पाठवावं लागेल, दुसऱ्या राज्यात, जिथे माझी भाषा नाही, माझी वाडी नाही. मी आज्ञापालनाची शपथ घेतली आहे, याची त्यांनी आठवण करून दिली.

"मागणार ना माफी?"

"नाय, फादर," मी म्हणालो. "पाठवाल तिथे जाईन. माफी मागणार नाय."

बॅग भरून ठेवली आहे. जाताना वाईट वाटणार आहे, खूप वाटणार आहे. वाडीतला पहिला फादर मी, आणि वाडीलाच मिळालो नाही. पण शपथ मी देवापुढे घेतली आहे, त्या काथ्यापुढे नाही. जिथे जाईन तिथेही चर्चच्या मागे नळ असणार. त्या नळावर कुणाला असं घासायला बसवलं, तर त्या दिवशी मी झगा चढवणार नाही. भरल्या चर्चला तिष्ठत ठेवून मी त्या माणसांपाशी नळावर बसेन, घासणाऱ्याच्या हातातला काथ्या काढून घेईन, आणि तो माझ्या हातातून कुणी घेऊन दाखवावा.