दाजींसमोर आमच्या पाठी

आमच्या घराण्यात पाहुण्याला पाठ दाखवायची पद्धत मी सुरू केली.

कारण मोसंबी, म्हणजे आमचं कुत्रीचं पिल्लू. आल्यागेल्याच्या अंगावर ती अशी झेपावायची, की अर्धं मंठा गाव आमच्या गल्लीला वळसा घालून जायचं! मी मोबाईलवर उपाय शोधला. पिल्लानं उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची; ते खाली बसलं की टाळ्या वाजवून "शाब्बास!" म्हणायचं. आई, बायको आणि मी, तिघांची कडक तालीम झाली. (पिल्लापेक्षा आई लवकर शिकली.)

अन् नेमके बदनापूरहून दाजी आले. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे मालक. माझ्या पोराच्या जावळाला मानाची टोपी त्यांच्याआधी भलत्याच डोक्यावर गेल्ती (घालणारा मीच!), तेव्हापासून रुसलेले. अक्कानं कशीबशी समजूत घालून आणलेले. आता बिनसलं, तर अक्काचं माहेर कायमचं तुटणार!

दाजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दारात उभे राहिले. मोसंबी चिखलासकट त्यांच्या पोटावर! आम्ही तिघं गर्रकन भिंतीकडं वळलो.

"मला पाहून तोंडं फिरवून राह्यले?" दाजी कडाडले.

"तुम्हाला न्हाई दाजी, कुत्रीला!" मी भिंतीला सांगितलं.

"म्हंजे मी अन् कुत्री बराबर?"

दाजी तरातरा माघारी वळले. त्यांची पाठ दिसताच मोसंबी शहाण्यासारखी खाली बसली. झालं! आमच्या टाळ्यांचा कडकडाट! "शाब्बास! शाब्बास!"

"मी निघालो तर टाळ्या?" दाजी गरकन फिरले. मोसंबीची पुन्हा उडी. आम्ही पुन्हा भिंतीकडं!

अक्का हसून हसून उंबऱ्यावरच बसली. "अवो, पिल्लाला शिकवून राह्यले ते! जरा पाठ करून तर बघा!"

दाजींनी संशयानं पाठ केली. मोसंबी बसली. वळले, तर उडी. पुन्हा पाठ, पुन्हा बसली.

"बिलकुल ऐकते की ही!" दाजी मिशीत हसले. (आपलं कुणी ऐकतं, हा अनुभव त्यांना लग्नानंतर प्रथमच येत असावा.)

"मंग थांबता ना दाजी?" मी विचारलं.

"थांबतो. पण हिच्या तोंडाकडं पाहून! तुमचं तोंड अजून दिसलंय कुठं?"

आता अक्काचा फोन आला की दाजी मागून ओरडतात, "मोसंबी बरी हाय का?" मी जिवंत आहे की नाही, हे अजून कुणीही विचारलेलं नाही!