आबांच्या कानाची सेटिंग

धुळ्यात माझं श्रवणयंत्रांचं छोटं केंद्र आहे. मध्यंतरी यंत्रांच्या कंपनीच्या माणसाने मागे लागून कॉम्प्युटरची सिस्टिम आणि पेशंटांचा डेटाबेस, दोन्ही एकाच दुपारी नवी करून दिली. "मॅडम, काहीच फरक पडणार नाही," म्हणाला. असं कुणी म्हटलं की माझ्या मनात हमखास पाल चुकचुकते. पण नावं, फोन नंबर, तपासणीचे आलेख, सगळं नव्यात आलं. त्याने नव्या पद्धतीने बॅकअप घेतला, चहा घेतला आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात शिरपूरकडचे आबा आले, सोबत अक्का, म्हणजे त्यांची बायको. आबांचं यंत्र घामाने बिघडून दुरुस्तीला गेलं होतं आणि परत आलं ते कोरं होऊन. मला वाटलं, डेटाबेसमधून जुनी सेटिंग काढायची आणि यंत्रात भरायची, झालं! पण नव्या सॉफ्टवेअरला आबांचं जुनं मॉडेल ओळखूच येईना. जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालेना. घरी कपाटावर धूळ खात पडलेला जुना लॅपटॉप मागवला, त्यात जुनं सॉफ्टवेअर होतं. त्याने यंत्र ओळखलं, पण नवा बॅकअप त्याला वाचता येईना. तेलही गेलं, तूपही गेलं. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर म्हणतो कसा, "मग त्यांना नवंच यंत्र द्या ना!" मी चिडून फोन ठेवून दिला.

आबांची ती जुनी सेटिंग नुसत्या आलेखावरून केलेली नव्हती. अक्कांचा आवाज बारीक, बोलणं तोंडातल्या तोंडात. तो आवाज आबांना ऐकू यावा म्हणून पूर्वी त्यांच्या कितीतरी खेपांत ती जमवली होती.

आता लॅपटॉपवर आलेखाप्रमाणे यंत्र लावून दिलं. आबा अक्कांकडे बोट दाखवत म्हणाले, "बठ्ठं ऐकू येस, ताई. पंखा ऐकू येस, रिक्षा ऐकू येस. हाई काय बोलस, तेच समजस नही."

"थोडं मोठ्याने बोलत जा ना अक्का," मी म्हटलं.

"आरडीसन काय काय सांगू? बठ्ठी गल्लीले समजस."

सगळ्या गल्लीला कळतं, हे खरंच होतं. मी हसले, आणि मग हसल्याची लाज वाटली.

ओठ दिसू नयेत म्हणून अक्कांना आबांच्या पाठीमागे बसवलं. घरी बोलता तसंच बोला, म्हटलं. आबांना सांगितलं, नुसतं हं-हं करायचं नाही, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. कारण यंत्राविना राहिलेल्या माणसाला मान डोलवायची सवय लागते आणि घरच्यांना ती खरी वाटू लागते. अक्का कापसाबद्दल बोलल्या, म्हशीबद्दल बोलल्या. मी लॅपटॉपवरून यंत्रातली पंख्याची घरघर कमी करत गेले, बारीक आवाज उचलत गेले. आबांची वाक्यं आधी अर्धी, मग पुरी यायला लागली. म्हशीबद्दलचा तर शब्दन् शब्द बरोबर आला. मला फार बरं वाटलं.

"अजून एक बोला," मी अक्कांना म्हटलं.

मग त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "मना डावा डोयाले काही दिसस नही. पोऱ्यास्ले सांगेल नही."

आबांनी हे परत म्हणून दाखवलं नाही. ते खुर्चीसकट मागे वळले.

"कवयपासून दिसस नही?" त्यांनी विचारलं, तेही तितक्याच हळू.