मजुरीचा प्रश्न

आमच्या शेजारच्या मास्तरीणबाई आमच्यासारखे शेतकरी बियाण्यासाठी कपाशी लावतात, त्या सीड प्लॉटवर राबणाऱ्या बायांवर पीएच.डी. करत होत्या. प्रत्येक वाक्याशेवटी "बराबर?" विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. फेलोशिप दोनदा नाकारली गेली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात नवीन जालन्यातला एक बियाणे व्यापारी गाठला. तो सगळा खर्च द्यायला तयार झाला. फक्त प्रश्नावलीतला मजुरीचा प्रश्न गाळायचा होता.

"भाऊ, मंग बायांना काय इचारू, फुलं कशी दिसतात? न्हाई म्हणून सांगा त्या व्यापाऱ्याला. माझ्या पगारात अभ्यास रखडत होईल, पण पुरा होईल. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

बाईंनी लगेच पिशवीतून प्रश्नावली काढून माझ्यापुढे धरली. "तुमच्यापासूनच सुरू करू. तुमच्या प्लॉटवर बायांना मजुरी किती देता?"

मी पेन नसल्याचं सांगितलं. त्यांनी आपलं पुढे केलं.